चांदणी नसलेला सामना

पूर्वी पूर्व जावातल्या आमच्या तुलुंगआगुंगात कॉफीच्या टपरीवर बसलेली माणसं पेपर उघडायची ती थेट शेवटच्या पानावर. तिथे उजव्या कोपऱ्यात 'आज पडद्यावर' नावाची एक चौकट असे. कोणता सामना, किती वाजता, कुठल्या वाहिनीवर, एवढंच. वाचणारा एक असायचा आणि ऐकणारे दहा. त्या दहांतला कुणीतरी हमखास विचारायचा, "चांदणी आहे का?"

चांदणी मी लावायचे. 'पेलिता ब्रांतास' या आमच्या गावच्या पेपरात चौतीस वर्षं मी ती चौकट केली. रोज दुपारी टेलिफोन पुढ्यात ओढून बसायचे आणि सुराबायाला, जकार्ताला वाहिन्यांच्या कचेऱ्यांत फोन लावायचे. समोरचा माणूस "हो, दाखवणार" म्हणाला की ओळ तशीच छापायला जायची. "बघू", "बहुतेक", "वरून कळायचंय" असं काही म्हणाला की त्या ओळीपुढे एक बारीक चांदणी यायची आणि चौकटीच्या तळाशी एक टीप: खात्री झालेली नाही. चांदणी दिसली की लोक आपापली कामं उरकून घ्यायचे, चटया पसरायची घाई करायचे नाहीत.

त्यालाही कारण घडलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी बॅडमिंटनच्या एका अंतिम सामन्याची वेळ चुकीची छापली. तेव्हा आमच्या वस्तीत एकच टीव्ही, तोही गावप्रमुखाच्या कचेरीत. माणसं पोराबाळांना घेऊन जमली तोवर सामना संपून पदकं वाटून झाली होती. दुसऱ्या दिवशी म्हातारे संपादक पाक दार्मादी यांनी मला समोर बसवलं. (आमच्यात बापाला आणि मोठ्या माणसाला पाक म्हणतात, मोठ्या बाईला बू, तरण्या मुलाला मास.) ओरडले नाहीत. म्हणाले, "कुस, चूक जिथे छापली तिथेच माफी छापायची, तेवढ्याच अक्षरात. लोकांनी तिथेच वाचलं होतं ना?" त्या दिवशी चौकटीत एकही कार्यक्रम नव्हता. नुसती माफी होती आणि खाली माझं नाव, कुस्तियाह. ते कात्रण मी अजून ठेवलंय.

पेपर छापायचा बंद होऊन आता सहा वर्षं झाली. यंत्र भंगारात गेलं. पेलिता ब्रांतास फोनच्या पडद्यावर तेवढा उरला. पाक दार्मादींचा मुलगा बायू तो चालवतो. कचेरीत पूर्वी वीस माणसं होती, आता चार आहेत, आणि बायू स्वतः दिवसाला चाळीस-चाळीस बातम्या टाकतो. त्याला मी दुपट्यात पाहिलेलं. तोच एकदा घरी येऊन म्हणाला, "बू कुस, तुम्ही यादी करत राहा. घरी बसून फोनवरून पाठवा. खाली तुमचं नाव राहील. लोक तुमच्या नावावर विश्वास ठेवतात." एकाहत्तराव्या वर्षी कुणी असं म्हटलं की बरं वाटतं. मी हो म्हटलं. चांदण्यांसकट यादी पाठवत राहिले.

पाठवलेली यादी पुढे कशी दिसते, हे मी पाहत नसे. तो पडदा डोळ्यांना सोसत नाही, हे एक कारण. दुसरं सांगायला जड जातं. मला पाहायचं नव्हतं.

माझ्या घरापासून तिसरं घर पाक वागिरान यांचं. आयुष्यभर त्यांनी संगमरवर कापला. आमच्याकडे दक्षिणेच्या टेकड्यांमधून तो दगड येतो, आणि त्याची पांढरी भुकटी कापणाऱ्यांच्या छातीत जाऊन बसते. पन्नाशीतच ते कामावरून घरी आले. चार पावलं चालले की थांबतात, खांबाला हात लावून उभे राहतात आणि असं दाखवतात की आपण काहीतरी बघायला थांबलोय. सिगारेट सुटली, पण यू पाइनाहच्या, म्हणजे पाइनाहताईच्या, टपरीवर येणं सुटलं नाही. आमच्या हिरव्या कॉफीचा गाळ बशीत काढून काडीने सिगारेटच्या कागदावर वेलबुट्टी काढायची इथल्या पुरुषांना हौस. पाक वागिरान इतरांच्या सिगारेटी रंगवून देतात. हात दगडाचा असून रेघ केसासारखी.

त्यांना एकुलती एक मुलगी, नाव रात्री. लग्नानंतर सतरा वर्षांनी झालेली. दगडाच्या कारखान्यामागे एक मैदान होतं, पांढऱ्या भुकटीने माखलेलं, तिथे ती व्हॉलीबॉल शिकली. पडायचं कसं, हे तिला बापाने शिकवलं. "दगड सुटला की जो उभा राहतो तो मरतो," असं म्हणून ते तिला बाजूला लोळायला लावायचे. पुढे तेच उपयोगी आलं. व्हॉलीबॉलच्या संघात एक खेळाडू वेगळ्या रंगाच्या सदऱ्यात असते. ती उडी मारून चेंडू हाणत नाही, जमिनीला टेकायच्या आत उचलते. तिला लिबेरो म्हणतात. रात्री लिबेरो झाली. चौदाव्या वर्षी तिला सुराबायाच्या वसतिगृहात नेलं आणि हे सगळं घडलं त्या वर्षी मार्चमध्ये ती पूर्व जावाच्या मुलींच्या संघात आली. तेव्हापासून बापाने तिचा एकही सामना पाहिला नव्हता.

आणि मग तिचा संघ अंतिम सामन्यात पोचला. सामना सोलो शहरात, शनिवारी दुपारी दोन वाजता, मध्य जावाच्या मुलींशी.

बुधवारी मी फोन लावला. स्पर्धेच्या कचेरीतल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "बू, खरं सांगू? अंतिम सामना दाखवायचं मनात आहे, पण कॅमेरेवाला अजून ठरला नाही. शनिवारी सकाळी विचारा." मी ओळ लिहिली, पुढे चांदणी काढली आणि यादी पाठवून दिली.

गुरुवारी सकाळी टपरीवर पाक वागिराननी फोन माझ्यासमोर धरला. चेहरा उजळलेला.

"बघा बू कुस. आलंय! 'अंतिम सामना थेट पाहा, लिंक इथे.' खाली तुमचं नाव. आणि चांदणी नाही."

"चांदणी नाही, म्हणजे सूर्य उगवला म्हणायचा," यू पाइनाह कॉफी ओतता ओतता म्हणाली. "आता शनिवारपर्यंत या माणसाला जमिनीवर कोण ठेवणार?"

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच चांदणी नव्हती. घरी जाऊन मी ते पान पुन्हा उघडलं. एक बातमी तीन पानांत कापलेली. पहिल्या पानावर संघांची नावं, दुसऱ्यावर मागच्या सामन्यांचे निकाल, तिसऱ्याच्या तळाशी एक वाक्य: लिंक मिळताच इथे देऊ.

मी बायूला फोन केला.

"मास बायू, माझी चांदणी कुठे गेली?"

"बू, त्या साच्यात चांदणी बसत नाही."

"मग 'खात्री नाही' असं अक्षरांत लिही."

"अहो बू, हीच बातमी अकरा ठिकाणी आहे. सगळ्यांनी 'इथे पाहा' लिहिलंय. आपण एकट्यानेच 'खात्री नाही' लिहिलं तर आपल्याला उघडणार कोण?"

"पण लिंक आहे कुठे?"

"मिळेल ना. शनिवारी कुणीतरी टाकतंच. त्याची आपण घेतो."

"आणि त्याने कुणाची घेतलेली असते?"

तो हसला. "बू, तुम्ही अजून फोन लावून विचारायच्या जमान्यात."

"फोन मी लावलाय. बाई म्हणाल्या कॅमेरेवाला ठरलेला नाही."

"म्हणजे 'दाखवणार नाही' असं तर नाही ना म्हणाल्या?"

मी म्हटलं, "मग माझं नाव तरी काढ खालून."

"तुमचं नाव काढलं तर लोक विचारतील, बू कुस गेल्या की काय!" तो अगदी प्रेमाने म्हणाला. मागे दुसरा फोन वाजत होता. "मी बघतो, बू. नक्की बघतो."

त्याच दुपारी उठून पाक वागिरानकडे जायला हवं होतं. तीन घरं तर ओलांडायची होती. मी गेले नाही. शनिवारी सकाळी बाईंना पुन्हा विचारू, मग सांगू, असं स्वतःला समजावलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांची बायको बू जुमियाती माझ्याकडे आली. मागोमाग ते स्वतः, दाराच्या चौकटीला हात टेकून.

"बू कुस, तुम्हीच सांगा यांना," ती म्हणाली. "तो शेजारचा माजिद गाडी घेऊन सोलोला निघालाय उद्या पहाटे. म्हणतो, चला, पाक, पोरीचा खेळ डोळ्यांनी बघा. पाच तास जायचे, पाच तास यायचे. या छातीने? परवाच डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर रोजच काहीतरी म्हणतो," पाक वागिरान म्हणाले. "त्याला पगार त्याचाच मिळतो."

"बघा, बघा. घरात बसून आरामात दिसणार असताना गाडीत हाडं खिळखिळी कशाला करून घ्यायची? दिसणार आहे ना, बू?"

पाक वागिरान माझ्याकडे पाहत राहिले. माजिदला हो म्हणायचं की नाही, ते माझ्या एका शब्दावर होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी नंतर फार वेळा तपासून पाहिलंय. त्यांची छाती आली. बू जुमियातीचे थकलेले डोळे आले. ते घरीच राहिले तर बरं, असं मला मनापासून वाटलं, हे खोटं नाही. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. खरं सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं की माझ्या नावाखाली काय छापून येतं ते आता माझ्या हातात नाही. चौतीस वर्षं ज्या गल्लीने 'चांदणी आहे का' विचारलं, त्या गल्लीला सांगायचं की चांदणी आता कुणीतरी पुसतं आणि मी गप्प बसते.

मी म्हटलं, "छापलंय ना? मग दिसेल."

पाक वागिराननी मान हलवली. "मग माजिदला नाही सांगतो," असं म्हणून ते वळले. खांबापाशी थांबले, पुन्हा चालू लागले.

शनिवारी सकाळपासून मी स्पर्धेच्या कचेरीत फोन लावत होते. कुणी उचलला नाही. दीडच्या सुमाराला पाक वागिरानच्या पडवीत अर्धी गल्ली जमली होती. त्यांच्या पुतण्याने फोनची तार टीव्हीला जोडून दिली होती. उकडलेल्या शेंगा आल्या, तळलेली केळी आली. यू पाइनाह टपरी बंद करून किटली घेऊन आली, असं तिने नवऱ्याच्या मरणाच्या दिवशीसुद्धा केलं नव्हतं. मी मागे, दाराजवळ बसले.

पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान. तळाशी आता खरंच निळ्या अक्षरांत लिंक आली होती. माझा जीव भांड्यात पडला. पुतण्याने दाबली. आधी जुगाराची जाहिरात आली, चमकती फळं आणि उघड्या मांड्यांच्या बायका.

"बंद कर, बंद कर! ही काय लिबेरो आहे?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

मग आणखी दोन जाहिराती. आणि मग, एकदम, मैदान. कोपऱ्यात लाल अक्षरांत 'थेट'. चित्र धुरकट होतं, चेंडू दिसण्याआधी त्याची सावली दिसायची. पण हिरव्या सदऱ्यांत आपल्या मुली होत्या आणि त्यांच्यात एक पिवळा सदरा होता.

"ती!" पाक वागिरान म्हणाले. "पिवळ्यातली. ती बघा माझी."

"वेणी पुन्हा वाढवलीन् वाटतं," बू जुमियाती म्हणाली.

"वाढते तिची पटकन. आईवर गेलीय."

वसतिगृहात मुलींचे केस कापतात. फेब्रुवारीत आमची रात्री घरी आली तेव्हा मानेवर मुलासारखे केस होते. मी पुढे सरकले. पंचांच्या उंच खुर्चीमागे एक कापडी फलक होता. चित्र हलायचं, स्थिर व्हायचं, पुन्हा हलायचं. एकदा ते स्थिर झालं तेव्हा मी फलकावरचा आकडा वाचला. मागच्या वर्षाचा होता. गेल्या वर्षीही अंतिम सामना याच दोन प्रांतांचा झाला होता. मीच यादीत दिला होता, चांदणीशिवाय. तेव्हा रात्री संघात नव्हती.

मी काही बोलले नाही.

का नाही, ते पडवीत जो बसला होता त्याला कळलं असतं. ती पिवळ्या सदऱ्यातली पोर जमिनीवर झोकून देत होती आणि पाक वागिरान दर वेळी खुर्चीत थोडे कलत होते, तिच्याच बाजूला. "खांदा आत घे, खांदा," म्हणत होते. "हां! बघितलंत? असं पडायचं. मी शिकवलंय." खोकला आला तरी नजर हलत नव्हती. तिसऱ्या सेटमध्ये शेवटचा चेंडू तिने एका हाताच्या पालथ्या पंजावर उचलला, पुढच्या मुलीने तो पलीकडे मारला आणि हिरव्या मुली एकमेकींवर कोसळल्या. पडवी उठून उभी राहिली. यू पाइनाहने किटलीवर झाकण बडवलं. पाक वागिरान तोंडावर रुमाल धरून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, हाताचं बोट करवतीत गेलं तेव्हाही नाही.

अंधार पडायच्या सुमाराला, नमाज आटोपल्यावर, सोलोहून रात्रीचा फोन आला. मी निघाले होते. बू जुमियातीने हात धरून बसवलं, "थांबा, तिला तुमचाही आवाज ऐकू दे." फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"न्दुक!" पाक वागिरान जवळजवळ ओरडलेच. आमच्यात मुलीला लाडाने तसंच म्हणतात. "बघितलं गं, सगळं बघितलं! सगळ्या गल्लीने बघितलं! तो शेवटचा चेंडू, पालथ्या हाताने..."

पलीकडे तिने नाक ओढलं.

"न्दुक?"

"पाक," ती म्हणाली, "आम्ही हरलो."

"काय म्हणतेस? तीन सेट..."

"तीन सेट हरलो. मला दुसऱ्यातच बाहेर बसवलं. घोटा मुरगळला." मग वेगळ्याच आवाजात, "पाक, तुम्ही नाही पाहिलं ना? नाही पाहिलं तर नाही म्हणा. मला राग नाही येणार. पण खोटं कशाला बोलता?"

"मी? खोटं?"

"माजिदकाका इथे होते. त्यांनी सांगितलं, पाक म्हणाले यायची गरज नाही. दुसऱ्यांचे सगळ्यांचे आईवडील आले होते." आणि फोन बंद झाला.

पाक वागिरान फोनकडे बघत राहिले. बू जुमियाती म्हणाली, "लागलंय तिला. म्हणून बोलतेय." मी चपला शोधल्या आणि घरी आले. म्हणजे तिसऱ्यांदा गप्प बसले.

रविवारी सकाळी टपरीवर ते नेहमीच्या जागी होते. बशीत कॉफीचा गाळ होता, पण समोरची सिगारेट कोरीच. बातमी सगळ्यांना कळली होती.

"काय पाक वागिरान," बाकावरचा एक जण म्हणाला, "काल तुमच्या एकट्याच्याच टीव्हीवर जिंकलो म्हणे आपण."

"मला पण द्या तसला टीव्ही. माझी बायको त्यात तरी हसताना दिसेल."

"दोन सामने असतील," पाक वागिरान शांतपणे म्हणाले. "एक सकाळी झाला असेल. रात्रीच्या लक्षात नसेल राहिलं, पाय दुखत होता तिचा."

"अहो, अंतिम सामने दोन कधी असतात?"

"असेल काहीतरी. पण आम्ही बघितलं ते खरं होतं. चांदणी नव्हती." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या बाईने चाळीस वर्षांत चांदणीशिवाय खोटं छापलेलं नाही. विचारा."

मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाऊन घेतल्या असत्या. पण ते माझी बाजू घेत होते. मुलीच्या शब्दापुढे माझी चौकट धरून उभे होते.

मी म्हटलं, "पाक वागिरान, सामना मागच्या वर्षीचा होता."

कुणी हसलं नाही.

"मला तिथे बसूनच कळलं होतं. फलकावर आकडा होता. आणि त्याआधीही मला ठाऊक होतं की दाखवतील की नाही ते ठरलेलं नाही. मी चांदणी लावली होती. त्यांनी काढली. काढली हे मी गुरुवारीच पाहिलं आणि शुक्रवारी तुम्हाला 'दिसेल' म्हणाले."

यू पाइनाहच्या हातात किटली तशीच राहिली. पाक वागिरान बशीतल्या गाळाकडे पाहत होते. मग म्हणाले, "माजिदच्या गाडीत जागा होती."

"हो."

"पुढची सीट ठेवली होती त्याने. म्हणाला होता, खिडकी उघडी ठेवू."

"हो."

मी त्यांच्याकडे फोन मागितला. "रात्रीला लावून द्या. मला बोलू द्या." त्यांनी लावला आणि माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता.

"न्दुक, बू कुस बोलतेय. तुझे वडील खोटं बोलले नाहीत. त्यांनी दोन तास डोळ्याची पापणी न लववता दुसऱ्याच मुलीला तू समजून पाहिलं. ते घरी थांबले ते माझ्यामुळे. खोटं मी बोलले."

तिच्या मागे बसचा आवाज येत होता. "बू कुस," ती म्हणाली, "लहानपणी पाकना तुमची चौकट मीच वाचून दाखवायचे. चांदणी असली की ते म्हणायचे, चल मग, मैदानावर जाऊ." मग म्हणाली, "पाककडे द्या."

ते फोन कानाला लावून उठले, टपरीच्या मागे ओढ्याच्या कडेला गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा धाप लागली होती. बसले आणि मला विचारलं, "मग ती पोर कोणाची होती?"

"ठाऊक नाही."

"चांगली पडत होती," ते म्हणाले.

दुपारी मी बसने पेलिता ब्रांतासच्या कचेरीत गेले. पर्समध्ये ते जुनं कात्रण होतं. बायूने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा खरोखर उतरला.

"माफी छापायची," मी म्हटलं. "तिथेच. तेवढ्याच अक्षरात."

"बू, कुठे छापू?" त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. "ते पानच आता नाहीये. सामना संपला की आम्ही त्याच पानाचा मथळा बदलतो, पुढचा सामना टाकतो. आधी वाचणारे होते ना, ते तसेच मिळतात. बघा, त्याच जागी आता रविवारचा फुटबॉल आहे."

मी पाहिलं. 'थेट पाहा, लिंक इथे.' तीन पानं. तळाशी, लिंक मिळताच इथे देऊ. संकलन: कुस्तियाह.

कात्रण मी पर्समधून बाहेर काढलंच नाही. "माझं नाव काढ," म्हटलं आणि या वेळी तो काढेपर्यंत समोर बसून राहिले. दोन बटणं दाबायची होती, दुसरं काही नव्हतं.

आता यादी मी कागदावर करते, हाताने, आणि यू पाइनाहच्या टपरीत कॉफीच्या बरणीशेजारी लावते. फोन लावते, पूर्वीपेक्षा कमी जण उचलतात. पहिल्याच आठवड्यात अकरापैकी नऊ ओळींपुढे चांदणी होती. "बू, ही यादी आहे की आभाळ?" असं बाकावरच्यांनी विचारलं. तरी येता-जाता वाचतात.

पाक वागिरान वाचत नाहीत. माझ्याशी बोलतात, तब्येत विचारतात, एकदा माझ्या नातवासाठी सिगारेटही रंगवून दिली, बारीक पानांची वेल. पण सामन्याबद्दल मला विचारत नाहीत. पुढच्या महिन्यात मुलींचा एक साधा सामना मलांगला होता. आमच्या रात्रीचा घोटा बरा झाल्यावरचा पहिला. त्या दिवशी उजाडताना मी अंगण झाडत होते. माजिदची गाडी त्यांच्या दाराशी उभी होती. बू जुमियातीने चादर, पाण्याची बाटली आणि औषधाचा फवारा आत ठेवला. पाक वागिरान घरापासून गाडीपर्यंत दोनदा थांबले आणि पुढच्या सीटवर बसले.

"किती वाजता आहे रे सामना?" त्यांनी माजिदला विचारलं.

"एक वाजता, पाक. मी मैदानावरच्या माणसाला विचारलंय."

मलाही ठाऊक होतं. कालच फोन करून पक्कं केलं होतं, ओळीपुढे चांदणी नव्हती. मी झाडू धरून उभी राहिले. गाडी माझ्या दारावरून गेली तेव्हा त्यांनी खिडकीतून मान डोलावली, ओळखीच्या माणसाकडे पाहून डोलावतात तशी. काच खाली केलेली होती. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांचा खोकला ऐकू येत होता.